एआयकडून लिहून घेतलेला प्रोजेक्ट म्हणजे कॉपी का? शाळेचा नवा नियम वाचा आणि मत द्या

डिचोलीचा_पालक
नमस्कार मंडळी. मुलगा आठवीत आहे आणि यंदा मी पीटीएच्या (पालक-शिक्षक संघाच्या) कमिटीवर आहे (दुसरं कोणी उभं राहत नव्हतं म्हणून). शाळेने डायरीत छापायला नवीन नियमाचा ड्राफ्ट काढलाय आणि आमचं म्हणणं मागितलंय. थोडक्यात असा: गृहपाठात किंवा प्रोजेक्टात एआय अजिबात वापरायचा नाही. संशय आला तर टीचर मजकूर एआयने लिहिलाय का ते सांगणाऱ्या ऑनलाइन डिटेक्टरमध्ये टाकून बघणार आणि ३० टक्क्यांच्या वर आलं तर इंटर्नलला शून्य. दुसऱ्यांदा सापडला तर पालकांना बोलावून लिहून घेणार. बस, संपलं.

आधीचा नियम परीक्षेतल्या चिठ्ठ्या आणि शेजाऱ्याच्या पेपरात डोकावणं एवढ्यापुरताच होता, तो बदलायला पाहिजे यात वाद नाही. पण मशीनच्या आकड्यावर मुलाचे मार्क कापणं मला पटत नाही. त्यापेक्षा मुलाने कुठे आणि कशाला वापरला ते शेवटच्या पानावर लिहावं आणि टीचरने दोन प्रश्न तोंडी विचारावेत. कमिटीत मी एकटा पडलोय. तुमचं काय मत?

वाळपईचे_सर
शून्यच द्या. मी हायस्कूलला सायन्स शिकवतो, रोज बघतो म्हणून सांगतो. स्थानिक वनस्पतींवर प्रोजेक्ट दिला होता, नववीतल्या एकाने विषय घेतला माटोळी (गणेश चवथीला गणपतीच्या वर रानफळं-पानं बांधून टांगतो ती चौकट). स्पायरल बायंडिंग, रंगीत कव्हर, आत इंग्लिश असं की मलाच डिक्शनरी काढावी लागेल. आणि लिहिलंय काय तर चवथीला माटोळीला हापूस आंबे आणि झेंडूची तोरणं बांधतात. भाद्रपदात हापूस!! कांगलां नाहीत, घागऱ्यो नाहीत, माट्टां नाहीत, आंबाडेसुद्धा नाहीत. या पोराच्या घरी दरवर्षी माटोळी असते, बापाबरोबर रानात जाऊन सामान तोच आणतो. विचारलं तर म्हणतो सर मी वाचलंच नाही, फक्त प्रिंट काढली. याला कॉपी नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

फोंड्याची_आई
सर, हापूस बघितल्याबरोबर तुम्हाला कळलं ना? डिटेक्टर लागला का? तेच तर धागाकर्ते म्हणताहेत.

आता दुसरी बाजू ऐका. माझ्या मुलीने इंग्लिशचा निबंध स्वतः लिहिला, माझ्यासमोर, खाडाखोड करत, आणि शाळेत डिटेक्टरने सांगितलं बहुतेक सगळा एआयचा. टीचरने वर्गात उभं केलं. ती मराठी प्रायमरीतली पोर, पाचवीत एकदम इंग्लिश मीडियम, त्यामुळे तिची वाक्यं छोटी, सरळ, पाठ केलेल्या साच्यातली असतात. २०२३ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डच्या लोकांनी हेच तपासलं होतं. ज्यांची मातृभाषा इंग्लिश नाही अशा विद्यार्थ्यांचे टोफेल परीक्षेचे ९१ निबंध सात डिटेक्टरमध्ये घातले, तर सरासरी ६१ टक्के निबंध एआयचे म्हणून निघाले. माणसांनी हाताने लिहिलेले! कारण हे डिटेक्टर मुख्यतः बघतात की पुढचा शब्द किती अपेक्षित आहे, आणि ज्याचा शब्दसंग्रह कमी त्याचं लिखाण अपेक्षितच येणार. म्हणजे आपल्या गोव्यातल्या अर्ध्याअधिक मुलांना हा नियम आधीच गुन्हेगार धरतो.

वाळपईचे_सर
बाय, तुमच्या मुलीबद्दल वाईट वाटलं, वर्गात उभं करायला नको होतं. पण तो अभ्यास २०२३ चा. डिटेक्टर तेव्हापासून सुधारले असणार.

वेर्णा_शिफ्ट
सुधारले म्हणून कोण सांगतं सर, विकणाऱ्या कंपन्याच ना? चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतः जानेवारी २०२३ ला डिटेक्टर काढला होता, त्यांच्याच चाचणीत एआयच्या मजकुरापैकी फक्त २६ टक्के बरोबर पकडला आणि माणसांचा ९ टक्के चुकीचा धरला, जुलैत गुपचूप बंद केला. टर्निटिन ही कॉपी पकडणारं सॉफ्टवेअर विकणारी कंपनी सांगत होती आमची चूक एक टक्क्याहून कमी. तर अमेरिकेतल्या वँडरबिल्ट युनिव्हर्सिटीने हिशेब मांडला, आमच्याकडे वर्षाला ७५,००० पेपर टर्निटिनमधून जातात, एक टक्का धरला तरी ७५० पेपरांवर खोटा आळ, आणि ते फीचर बंद करून टाकलं. आणि इथे आपल्या शाळा गूगलवर पहिलं जे फुकटचं सापडेल त्यात मजकूर पेस्ट करणार.

बंदीचं म्हणाल तर न्यूयॉर्कच्या शाळांनी जानेवारी २०२३ मध्ये केली आणि मे मध्ये उठवली. आता तर एआय आईच्या व्हॉट्सॲपमध्येच येऊन बसलाय, तो निळा गोल दाबला की झालं. आमच्या कंपनीत रोज वापरतात, न वापरणाऱ्याला विचारतात का नाही वापरला. आणि केंद्र सरकार म्हणतंय तिसरीपासून एआय शिकवणार. एकीकडे शिकवायचा आणि वापरला तर शून्य, कसलं लॉजिक आहे हे?

सावईवेरेची_आजी
कंपनीतला माणूस आधी लिहायला शिकला, मग एआय वापरतो. सातवीतलं पोर अजून शिकतंय रे बाबा. दोघांना एकच नियम कसा?

वेर्णा_शिफ्ट
आजी, कॅल्क्युलेटर आला तेव्हा पण हेच बोलत होते.

सावईवेरेची_आजी
मग? पाढे अजून पाठ करून घेतातच की. माझ्या नातवाला सुट्टीत मीच बसवते.

म्हापसा_झेरॉक्स
माझं दुकान शाळेजवळ आहे त्यामुळे खरी परिस्थिती मला विचारा. प्रोजेक्टची तारीख आली की मुलं नाही, आया येतात, पेनड्राइव्ह नाहीतर व्हॉट्सॲपवर फाईल. आधी विकिपीडियाचं पान यायचं त्यात निळ्या लिंका तशाच. आता एआयचं येतं आणि शेवटी ओळ असते "हवं असल्यास मी हे आणखी सोप्या भाषेत लिहून देऊ का?" ती मीच काढून टाकतो, नाहीतर तशीच बायंड होऊन जाते. एकाने तर दोन कॉपी मागितल्या, एक भावाच्या वर्गासाठी. पोराला बरोबर आणलेलं असलं तर कोपऱ्यात गेम खेळत असतं. तेव्हा शून्य कोणाला द्यायचं, पोराला की आईला, ते आधी ठरवा 😀

पेडण्याचे_निवृत्त_हेडमास्तर
झेरॉक्सवाल्या भाऊंनी मुद्द्याला हात घातला. आमच्या वेळी चार्ट बाप काढायचा, मॉडेल मामा करायचा, निबंध डायजेस्टातून यायचा, आणि आम्ही डोळे मिटून दहापैकी नऊ द्यायचो. एआयने नवीन काही केलं नाही, घरून करून आणलेल्या कामाला मार्क देण्यातला ढोंगीपणा तेवढा उघडा पाडला. माझं मत तुम्हा दोघांपेक्षा वेगळं आहे. डिटेक्टर नको, कबुलीचं शेवटचं पानही नको. कबुली खोटी लिहायला किती वेळ लागतो? ज्याला मार्क द्यायचे ते काम वर्गात करून घ्या, टीचरच्या डोळ्यांसमोर, कागदावर. घरी काय वापरायचं ते वापरू दे, त्याला मार्क नाहीत.

वाळपईचे_सर
सर, तुमच्या काळात पोर्शन संपायचा. वर्गात प्रोजेक्ट करून घ्यायचे तर तास कुठून आणू? आणि धागाकर्त्यांचे ते दोन तोंडी प्रश्न, सोपं वाटतं. एका तुकडीत ४५ मुलं, प्रत्येकाला पाच मिनिटं म्हणजे २२५ मिनिटं, जवळजवळ सहा तास (तासिका म्हणतोय मी). अशा तीन तुकड्या मला आहेत. मध्ये बीएलओची (मतदारयादीची) ड्युटी, ट्रेनिंग, ऑनलाइन भरायचे फॉर्म. पालकांना बोलायला काय जातं.

फोंड्याची_आई
सगळ्यांना कशाला विचारायचं? रोल नंबर काढून सहा जणांना विचारा, कोणाचा नंबर लागेल ते आधी सांगू नका. बाकीचे आपोआप वाचून येतील. आणि संशय असेल त्याची कच्ची वही मागा. माझ्या मुलीची खाडाखोडवाली वही दप्तरात होती, कोणी मागितलीच नाही, आकडा बघितला आणि विषय संपला.

बांबोळी_वकील
एक कायद्याचा मुद्दा कोणी काढला नाही. मुलांचं लिखाण नावासकट कुठल्यातरी फुकट वेबसाइटवर टाकणं म्हणजे त्यांचा डेटा बाहेर देणं. २०२३ च्या डेटा प्रोटेक्शन कायद्यात १८ खालचा तो बालक, त्याचा डेटा वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यावी असं लिहिलंय. आणि वेर्णावाल्यांना पण सांगतो, चॅटजीपीटीच्या स्वतःच्या अटींत १३ खाली परवानगीच नाही, १८ पर्यंत पालकांची संमती पाहिजे. म्हणजे सहावीतल्या पोराला शाळेने "वापर आणि शेवटच्या पानावर लिही" असं सांगणं हे पण अडचणीचंच आहे.

वेर्णा_शिफ्ट
हा पॉइंट बरोबर. सहावी-सातवीला नको, मान्य. आठवीपासून वरचं बोला मग.

नाव_नको
मी टीचर आहे, नाव देत नाही. आमच्या स्टाफरूममध्ये वर्कशीट, लेसन प्लॅन, पीटीएची नोटीस, सगळं एआयवर होतं. युनिट टेस्टच्या पेपरात सिलॅबसबाहेरचा प्रश्न आला तो कुठून आला ते आम्हाला माहीत आहे. मुलांना शून्य आणि आम्हाला काहीच नाही हे मुलं बघतात हो. नियम लिहायचा तर टीचरने कुठे वापरला तेही लिहा.

वाळपईचे_सर
वर्कशीट बनवायला मी पण वापरतो, त्यात काय. मला मार्क मिळत नाहीत त्याचे.

डिचोलीचा_पालक
खूप आभार सगळ्यांचे. शनिवारी मीटिंग आहे, मी असं मांडतोय: सातवीपर्यंत नको. आठवीपासून चालेल, पण कुठे वापरला ते लिहायचं. डिटेक्टर पूर्ण बाद. रोल नंबर काढून सहा जणांना तोंडी, ज्याला आपलंच लिहिलेलं सांगता आलं नाही त्याचे मार्क कापायचे, मग ते एआयने लिहिलेलं असो की मामाने. आणि शून्य देण्याआधी मुलाची कच्ची वही बघायची, त्याचं म्हणणं ऐकायचं, आणि ते टीचर सोडून दुसऱ्या कोणीतरी. हेडमास्तर सरांची वर्गातल्या कामाची सूचना पुढच्या वर्षासाठी म्हणून ठेवतो, यंदा पोर्शनच्या नावाखाली लगेच उडेल.

वाळपईचे_सर
मामावालं कलम छान आहे, त्याला माझा पाठिंबा 😀 पण ते शेवटचं, टीचर सोडून दुसऱ्याने ऐकायचं, ते मीटिंगमध्ये पास होणार नाही. माझ्या वर्गातल्या मुलाचे मार्क दुसरा कोण ठरवणार?

फोंड्याची_आई
तेच एक कलम सोडू नका, दादा. बाकीचं सगळं गेलं तरी चालेल.