पार्टी म्हणते "पैसे टाकले", खात्यात एंट्री नाही. एनईएफटी आणि चेकला नेमका किती वेळ धरायचा?

सूतवाला_इचलकरंजी

सुताचं ट्रेडिंग. पेमेंट जमा झाल्याशिवाय गाडी सोडायची नाही, हा नियम. पार्टी दुपारी ४.१० ला १,८०,००० च्या एनईएफटीचा स्क्रीनशॉट पाठवते, त्यावर हिरवी टिकली आणि 'सक्सेसफुल'. आमचं चालू खातं नागरी सहकारी बँकेत. तिथे रात्री आठपर्यंत काही दिसत नाही. गाडी भरून उभी, ड्रायव्हर दर दहा मिनिटांनी विचारतो. आमची बँक म्हणते समोरच्या बँकेत विचारा, समोरची म्हणते आमच्याकडून गेले.

एनईएफटीला किती तास थांबणं रास्त? पैसे कुठे अडकलेत हे कसं ओळखायचं? आणि चेक आता त्याच दिवशी वटतो म्हणतात, मग शाखेत अजून 'उद्या या' का सांगतात?

खतावणी

सूतवालेदादा, आधी त्या 'सक्सेसफुल'चा अर्थ बघू. पुष्कळ बँकांच्या ॲपमध्ये त्याचा अर्थ इतकाच, की तुमची विनंती आम्ही घेतली. पैसे पोहोचले असा नाही.

एनईएफटी दर अर्ध्या तासाच्या बॅचमध्ये जाते. दिवसाला ४८ बॅच. १६ डिसेंबर २०१९ पासून ही सेवा चोवीस तास, रविवार-सुट्टीसकट चालू आहे, त्यामुळे "आज बँक हॉलिडे" हे कारण ऐकून घेऊ नका. ४.१० चं पेमेंट साधारण ४.३० च्या बॅचला लागतं. बॅचची सेटलमेंट (बँकांमधला हिशेब मिटणं) झाल्यापासून दोन तासांत पैसे घेणाऱ्या, म्हणजे तुमच्या बँकेने ते खात्यात जमा करायचं, नाहीतर परत पाठवायचं. म्हणजे साडेसहापर्यंत थांबणं रास्त. सातनंतर फोन सुरू करा.

पैसे कुठे अडकलेत ते यूटीआरवरून, म्हणजे बँक प्रत्येक व्यवहाराला देते त्या क्रमांकावरून कळतं. एनईएफटीचा यूटीआर १६ अक्षर-अंकांचा (काही बँकांचा २२ चा), आरटीजीएसचा (मोठ्या रकमेच्या ट्रान्सफरचा) २२ चा, सुरुवातीला बहुधा पाठवणाऱ्या बँकेचा चार अक्षरी कोड. नुसता १२ आकडी नंबर आला तर तो आयएमपीएस किंवा यूपीआयचा (दोन्ही लगेच पैसे पोहोचवणाऱ्या सेवा). आणि पार्टीच्या ॲपचा स्वतःचा रेफरन्स नंबर वेगळाच असतो, तो घेऊन तुमच्या शाखेत गेलात तर त्यांना काहीच सापडणार नाही. निम्मे हेलपाटे या एका घोळामुळे होतात.

यूटीआरच नसेल तर पैसे निघालेलेच नाहीत. कंपनीच्या चालू खात्यात मेकर-चेकर असतो: अकाउंटंटने एंट्री केली (मेकर), मालकाने मंजुरी दिली नाही (चेकर). अकाउंटंटच्या दृष्टीने पैसे "टाकले", बँकेच्या दृष्टीने अजून काहीच झालेलं नाही. मोबाइलवर पाठवलेल्या अर्धवट स्क्रीनशॉटमध्ये 'पेंडिंग ऑथरायझेशन' ही ओळ नेमकी कापलेली असते. मुद्दाम कापतात असं म्हणत नाही, पण कापलेली असते खरी.

पासबुक_प्रिंटर

खतावणींनी बरोबर सांगितलं, त्यात सहकारी बँकेचा पेच जोडतो.

तुमच्या खात्याचा आयएफएससी (बँक-शाखेचा कोड) बघा. ११ अक्षर-अंक, पाचवा नेहमी शून्य. पहिली चार अक्षरं तुमच्या बँकेची नसून दुसऱ्याच एखाद्या मोठ्या बँकेची असतील, तर तुमची बँक सब-मेंबर आहे. पैसे आधी त्या मोठ्या, म्हणजे स्पॉन्सर बँकेकडे येतात आणि तिथून तुमच्या बँकेकडे. हे काम जिथे थेट सिस्टिम-टू-सिस्टिम होतं तिथे काही मिनिटांत जमा. जिथे अजून फाइल उतरवून चढवायची आहे, तिथे ती चढवणारा माणूस संध्याकाळी घरी गेला की तुमचे १,८०,००० रात्रभर मध्येच. डे-एंड (दिवसअखेरचा हिशेब) चालू असतानाही पोस्टिंग, म्हणजे खात्यात एंट्री टाकणं, थांबतं. नियमातले दोन तास सब-मेंबर म्हणून वाढत नाहीत, पण शाखेतल्या कारकुनाला ओरडून उपयोग नाही. मुख्य कार्यालयातला 'एनईएफटी सेल' किंवा 'पेमेंट सेल' गाठा आणि विचारा: हा यूटीआर इनवर्डमध्ये (बाहेरून आलेल्या पेमेंटमध्ये) आलाय का, आणि आला असेल तर सस्पेन्सला (खातं न जुळलेल्या पैशांच्या तात्पुरत्या खात्यात) पडलाय का?

सस्पेन्सला पडण्याचं नेहमीचं कारण खाते क्रमांक. सुरुवातीची शून्यं गाळली, एक आकडा जास्त, किंवा बँक विलीन झाल्यावर बदललेला जुना नंबर. एनईएफटी-आरटीजीएसमध्ये पैसे फक्त खाते क्रमांकावर जमा होतात, नाव जुळवून बघत नाहीत. म्हणून नवीन पार्टीला सांगा, लाभार्थी जोडताना नाव तपासण्याची सोय वापरा. रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०२५ पर्यंत ती सुरू करायला बँकांना सांगितलं होतं.

आणखी एक खूण. एनईएफटीत पाठवणाऱ्याला दोन एसएमएस येतात. पहिला खात्यातून पैसे गेल्याचा. दुसरा लाभार्थ्याच्या खात्यात जमा झाल्याचा, तारीख-वेळेसह. पार्टीकडे दुसरा एसएमएस आहे आणि तुमच्याकडे एंट्री नाही, तर पैसे दुसऱ्याच कुणाच्या खात्यात गेल्याची शक्यता आधी तपासा.

झटपट_पेमेंट

एवढं कशाला? सरळ यूपीआय घ्या. दोन सेकंदांत टिंग.

खतावणी

१,८०,००० ला टिंग वाजणार नाही, राव. माणसाकडून माणसाला यूपीआयची नेहमीची मर्यादा दिवसाला १ लाख. तुकडे केले की जुळवणी करताना अकाउंटंटचे हाल.

या रकमेला घाई असेल तर आयएमपीएस. व्यवस्थेची मर्यादा ५ लाख, पण पार्टीच्या बँकेची स्वतःची मर्यादा कमी असू शकते, आणि नवीन जोडलेल्या लाभार्थ्याला सुरुवातीला बहुधा आणखी कमी. म्हणून सौदा ठरल्याच्या दिवशीच लाभार्थी जोडून १ रुपया पाठवायला सांगा, गाडी भरायच्या दिवशी नाही.

आरटीजीएस २ लाखांपासून पुढे. चोवीस तास चालतं, डिसेंबर २०२० पासून. बॅच नाही, एकेक व्यवहार स्वतंत्र सेटल होतो आणि संदेश आल्यापासून ३० मिनिटांत जमा करायचा असतो. तुमची १,८०,००० ची दोन बिलं आठवड्यात असतील तर एकत्र ३,६०,००० मागा. पार्टीला एक मंजुरी, तुम्हाला एक एंट्री.

आयएमपीएस-यूपीआय 'पेंडिंग' दिसलं तर लगेच दुसऱ्यांदा पाठवू देऊ नका. टाइमआउट झालेला व्यवहार नंतर जमा होऊ शकतो. खात्यातून गेले आणि समोर जमा झाले नाहीत, तर दुसऱ्या दिवसापर्यंत ते आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई, तक्रार न करता. एनईएफटीला हिशेब वेगळा: उशिराच्या काळासाठी रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना कर्ज देते तो) अधिक २ टक्के व्याज. रेपो ५.२५ धरला तर ७.२५ टक्क्यांनी १,८०,००० वर दिवसाला जेमतेम ३६ रुपये. गाडीची खोटी यात निघत नाही, पण लेखी मागा. व्याज द्यावं लागलं की सेल जागा होतो.

मायकर_पट्टी

चेकबद्दल कुणी बोललं नाही म्हणून.

४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक बॅचने नाही, सलग जातात. शाखेने स्कॅन केलेली प्रतिमा थांबवून न ठेवता लगेच पुढे पाठवायची. ज्या बँकेवर चेक काढलाय तिने सुरू झालेल्या व्यवस्थेत संध्याकाळी ७ पर्यंत हो-नाही कळवायचं; गप्प बसली तर चेक मंजूर धरला जातो. सेटलमेंट झाल्यावर तासाभरात तुमच्या खात्यात. तीन तासांत उत्तर देण्याचा दुसरा टप्पा ३ जानेवारी २०२६ ला यायचा होता, तो पुढे ढकलला गेला. त्यामुळे "तीन तासांत वटतो" हे व्हॉट्सॲप ज्ञान सोडून द्या.

मग 'उद्या या' का? कारण घड्याळ स्कॅनपासून सुरू होतं, ड्रॉप बॉक्सपासून नाही. पेटी दुपारनंतर उघडत नसेल तर तुमचा १२ चा चेक उद्याचाच. पेटीत टाकू नका, काउंटरला द्या, स्लिपच्या स्थळप्रतीवर वेळेसह शिक्का घ्या आणि विचारा, आजच्या सत्रात स्कॅन होईल का.

परत येण्याची कारणं बहुतेक वेळा चेकवरच दिसतात. रकमेत किंवा नावात खाडाखोड (सही करूनही चालत नाही, नवा चेक घ्या). अक्षरी आणि अंकी रक्कम वेगळी. रबरी शिक्का सहीवर आलेला, प्रतिमेत सही दिसतच नाही. खालच्या पांढऱ्या मायकर पट्टीवर (यंत्र वाचतं त्या आकड्यांच्या) पेन किंवा स्टेपल. तारखेला तीन महिने उलटलेले. आणि मोठ्या रकमेला पॉझिटिव्ह पे: ५०,००० पासून ही सोय आहे, ५ लाखांपासून पुढे बँक ती सक्तीची करू शकते. पार्टीने चेक नंबर, तारीख, नाव, रक्कम आपल्या बँकेला आधी कळवली नसेल, तर चेक अडू शकतो. चेक हातात घेतानाच विचारा, "पॉझिटिव्ह पे भरलंय ना?"

सूतवाला_इचलकरंजी

आभार मंडळी. आयएफएससी बघितला, पहिली चार अक्षरं खरंच दुसऱ्या बँकेची आहेत. पार्टीला न दुखावता काय लिहून पाठवायचं? स्क्रीनशॉटवर विश्वास नाही असं तोंडावर म्हणता येत नाही.

पासबुक_प्रिंटर

हे चिकटवून ठेवा:

"नमस्कार. आपलं १,८०,००० चं पेमेंट अजून आमच्या खात्यात दिसत नाही, बँकेत शोध घेण्यासाठी माहिती हवी आहे. यूटीआर नंबर, पैसे गेल्याची वेळ, ज्या खाते क्रमांकावर आणि आयएफएससीवर पाठवले ते, आणि जमा झाल्याचा दुसरा एसएमएस आला असल्यास तो पाठवावा. यूटीआर तयार झाला नसेल तर मंजुरी बाकी आहे का तेवढं पाहावं. तोवर कृपया पुन्हा पाठवू नये."

शेवटचं वाक्य गाळू नका. दोनदा आले तर परतीची एनईएफटी तुम्हालाच करायची आहे, आणि मग तिचा यूटीआर पार्टी तुम्हाला विचारणार.