उत्तर: मे महिन्यात टोमॅटोचा फुलोरा गळतो, पाणी वाढवू का?

पाणी दुपारीही घाला असं वर कुणीतरी सुचवलंय, ते कृपया करू नका. आमचा पोरसू (परसबाग) गोव्यातल्या फोंड्याकडचा, जांभ्याची माती. पाणी ओतलं की चाळणीतून जावं तसं खाली. मे महिन्यात आम्ही पहाटे एकदाच पण भरपूर शिंपतो. आणि झाडाच्या आळ्याभोवती नारळाची सोडणं (वरची जाड सालं) पालथी मांडतो. काल एक उचलून बघितलं: वरची माती भाजलेली, सोडणाखाली मात्र ओल, दोन गांडुळं, आणि एक गोम (तिच्यासाठी काठीनेच उचलावं!).

टोमॅटोचं म्हणाल तर फुलं गळण्याला पाणी कमी पडलं हे एकच कारण नसतं. रात्री साधारण २४ अंशांच्या वर राहिल्या की परागसिंचन नीट होत नाही, फळ धरत नाही. आपल्याकडे मे महिन्यात रात्रीही पारा बहुधा त्याच्या वरच असतो. त्यामुळे त्या झाडांमागे जीव टाकू नका. आईचा सरळ हिशेब: मे महिन्यात तांबडी भाजी (लाल माठ), थोडी वांगी, बस्स.

वांग्यावर मात्र पानं उलटून बघा. खाली बारीक जाळं आणि पान पिवळट ठिपकेदार असेल तर तो लाल कोळी (बारीक कीड), कोरड्या उष्ण हवेत फोफावतो. पानांच्या खालून जोरात पाणी मारलं की बराच कमी होतो, तेही सकाळीच.

सात शिरांच्या भेंडीचं बी आत्ताच पेरायची घाई नको. पहिला पाऊस पडू दे.