परदेशातली भटकी मांजरं-कुत्री आणि आपण बडोदेकर: अनुभव धागा

उत्तरायणात मांज्याने पंख कापलेलं कबूतर सापडलं तर काय करायचं, हे बडोद्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. खोक्यात ठेवायचं, वर कापड टाकायचं, प्राण्यांच्या रुग्णवाहिकेच्या १९६२ या नंबरला फोन लावायचा. पावसाळ्यात विश्वामित्रीतली मगर सोसायटीत शिरली तरी कुणाला बोलवायचं ते माहीत असतं. पण परक्या गावात, परक्या भाषेत, हॉटेलच्या दारात लंगडणारं कुत्रं दिसलं की जीव नुसता कासावीस होतो. हल्ली आपल्यातले बरेच जण बाहेर फिरून येताहेत. तिथे काय केलंत, कुणाला विचारलंत, तिथल्या संस्थांशी कसा संबंध आला, ते सविस्तर लिहा. नुसते गोंडस फोटो नकोत, त्यासाठी सकाळच्या शुभेच्छांचा ग्रुप आहेच.

रावपुरा
इस्तंबूल. काडिकॉय भागात उतरलो होतो. तिथे पायरीला कोपर टेकून आरामात बसणारी तोंबिली नावाची लठ्ठ मांजर होती. ती गेल्यावर लोकांनी मागणी करून २०१६ मध्ये त्याच पोझमधला तिचा पुतळा बसवून घेतला. यावरून तिथलं वातावरण लक्षात येईल.

आमच्या गल्लीत एका पिल्लाचे डोळे चिकटून बंद झाले होते. बायको रुमालात गुंडाळून डॉक्टर शोधायला निघालीच होती. समोरच्या किराणा दुकानातल्या आजींनी हातानेच 'थांब' केलं. आतून कापूस आणि थेंबांची बाटली आणली, पिल्लू मांडीवर धरलं, कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने नाकाकडून बाहेर असा एकेक डोळा हलक्या हाताने सोडवला आणि मग थेंब टाकले. हे त्यांचं रोजचंच होतं, पिल्लू त्यांच्याच देखरेखीखाली होतं. काय आणून देऊ, असं फोनवर भाषांतर करून विचारलं. उत्तर आलं, पिल्लांचं ओलं खाणं. मग रोज फिरून येताना तेच नेत होतो.

कुत्र्यांच्या कानाला प्लॅस्टिकचा बिल्ला दिसतो. म्हणजे पालिकेने नसबंदी आणि लसीकरण करून सोडलेलं कुत्रं. २०२४ मध्ये कायदा बदलला, आता भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायची आहेत, आणि त्यावरून तिथे मोठा वाद पेटलाय. मी आजींना त्याबद्दल विचारलं. त्या पाच मिनिटं तावातावाने बोलल्या. एक अक्षर कळलं नाही, पण बाजू कळली.

मांजलपूर
दादा, आजींना नमस्कार सांगा पुढच्या वेळी!

आमचं थायलंड. को लांता बेटावर लांता ॲनिमल वेल्फेअर नावाची संस्था आहे. तिथे कुणीही पर्यटक जाऊन कुत्र्याला फिरवून आणू शकतो. मला वाटलं होतं दोरी हातात देतील आणि जा म्हणतील. तसं अजिबात नाही. कुठलं कुत्रं कुणाच्या ताकदीचं, ते तिथली मुलगी ठरवते. दोरी मनगटात कशी अडकवायची, दुसरं कुत्रं आलं तर कुठे वळायचं, पाणी कधी पाजायचं, सगळं आधी सांगते. मला तीन पायांची एक काळी कुत्री मिळाली. ती मला फिरवत होती असं म्हणणं जास्त बरोबर. माझ्या सासूबाई, ज्या इथे गल्लीतल्या कुत्र्याला काठी दाखवतात, त्या मांजरांच्या खोलीत मांडी घालून बसल्या त्या उठेचनात.

तिथेच 'फ्लाइट व्हॉलंटियर' हा प्रकार समजला. युरोप-अमेरिकेत दत्तक गेलेल्या कुत्र्याला प्रवासी सोबत लागतो. कागदपत्रं, पिंजरा, कुत्र्याचं विमानाचं भाडं संस्था बघते, आपल्या तिकिटावर फक्त त्याची नोंद होते आणि पलीकडच्या विमानतळावर नवे मालक न्यायला येतात. बडोद्याला परतणाऱ्याचा उपयोग नाही, पण माझा भाऊ अमेरिकेत असतो आणि बँकॉकमार्गे येतो-जातो. त्याच्या मागे लागले आहे. फुकेतची सॉई डॉग ही २००३ पासूनची मोठी संस्थाही हे करते.

कारेलीबाग (मी डॉक्टर आहे, म्हणून थोडं लेक्चर)
सगळं वाचून छान वाटलं, आता कडू गोळी. बालीत २००८ पासून रेबीज आहे. थायलंड, तुर्कस्तान, नेपाळमध्येही आहे. माझ्या भाच्याला बालीत समुद्रकिनाऱ्यावर पिल्लाने खेळता खेळता दात लावला. अगदी बारीक, रक्ताचा एक ठिपका. हॉटेलवाले म्हणाले, पिल्लू आहे, काही होत नाही. पिल्लालाही रेबीज होतो!

साबण आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं. घड्याळ लावून, कारण पंधरा मिनिटं फार लांब असतात. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही. मग त्याच दिवशी लस, आणि कातडी फाटली असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन. हे दुसरं औषध छोट्या बेटांवर सहज मिळत नाही, भाच्याला त्यासाठी मोठ्या शहरात न्यावं लागलं. उरलेले डोस इथे येऊन पूर्ण केले. लसीचं नाव आणि तारखा लिहिलेला कागद जपून आणला होता म्हणून सोपं गेलं.

संस्थेत काम करायलाच जाणार असाल तर निघण्यापूर्वी लस घ्या. निरोगी माणसाला एका आठवड्याच्या अंतराने दोन डोस पुरतात, असं जागतिक आरोग्य संघटना २०१८ पासून सांगते. मग चावलं तरी धुणं आणि दोन डोस लागतातच, पण इम्युनोग्लोब्युलिन शोधत पळावं लागत नाही.

दांडिया बाजार
मला एक कळत नाही. आपल्या दारातली कुत्री उपाशी, आणि रोमच्या मांजरांना युरो?

सुभानपुरा
काका, तुम्ही रोमचं नाव काढलंत म्हणून सांगते. 'लार्गो दि तोर्रे अर्जेंतीना' म्हणून चौक आहे, जिथे सीझरला मारलं ते अवशेष तिथे आहेत. त्या खड्ड्यात मांजरांची वसाहत. रस्त्यावरून पायऱ्या उतरून गेलं की स्वयंसेवकांची छोटी जागा लागते. इटलीत १९९१ च्या कायद्याने अशा मोकळ्या मांजरांना संरक्षण आहे. पकडायची, नसबंदी करायची, परत तिथेच सोडायची. आंधळी, म्हातारी मांजरं आत ठेवतात. मी दुकानातून एक पिशवी आणि कॅलेंडर घेतलं, त्याचे पैसे औषधाला जातात. इथल्या कुत्र्यांचं ताट त्यामुळे कमी झालं नाही. उलट तिथल्या बाईंनी दाखवलेली मांजर पकडायच्या पिंजऱ्यावर चादर टाकायची युक्ती मी सोसायटीत वापरते.

(करसवलत मात्र मिळत नाही हं. परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीला ८०जी लागू नाही. आमच्या ह्यांनी विचारून घेतलं.)

अकोटा
सिंगापूर, मुलीकडे. आमच्या वडिलांना सकाळी कबुतरांना दाणे टाकायची सवय, चबुतऱ्याच्या गावचे आपण. तिथे कबुतरांना खायला घालणं गुन्हा आहे, दंड जबर. मुलीने ज्वारीची पुडी सरळ काढून घेतली. मांजरांना खाऊ घालता येतं, पण खाऊन झालं की भांडी उचलून जागा पुसून घ्यायची. डाव्या कानाचं टोक कापलेलं असेल तर नसबंदी झालेली. २०२४ च्या सप्टेंबरपासून सरकारी फ्लॅटमध्ये मांजर पाळायलाही परवानगी आहे, त्याआधी नव्हती. वडील आता खालच्या मांजरांच्या काकूंबरोबर बसतात, त्या चिनी बोलतात, हे मराठी.

वाघोडिया रोड
भूतान. थिंफूत रात्रभर भुंकणं, झोपेचं खोबरं. पण सकाळी बघितलं तर प्रत्येकाचा कान खाचेचा. सगळ्या भटक्या कुत्र्यांची नसबंदी झाल्याचं त्यांनी २०२३ मध्ये जाहीर केलं, २००९ पासून लागले होते. दांडिया बाजारच्या काकांना हे सांगावंसं वाटलं.

दांडिया बाजार
वाचलं. पण भूतान केवढा, भारत केवढा.

निझामपुरा
तिथून कुत्रं घरी आणता येतं का? जॉर्जियात बातुमीला एकाने आमचा पिच्छाच धरला होता. (तिथलाच कुपाता, मुलांना रस्ता ओलांडायला गाड्यांवर भुंकणारा, त्याचा व्हिडिओ पाहिला असेल.) चौकशी केली. पशु संगरोध विभागाची परवानगी, चिप, लसीचे दाखले, ठरावीकच विमानतळ. आठवड्याच्या सहलीत शक्य नाही. तिथल्या दुकानदाराला त्याच्या लसीचे पैसे देऊन आलो.

धागा काढणारी
मांजलपूरच्या ताईंचं वाचून फुकेतच्या संस्थेला मेल टाकला, कारण माझी नणंद डिसेंबरात चाललीय. औषधं न विचारता आणू नका, असं स्पष्ट उत्तर आलं, पण जुने टॉवेल आणि चादरी चालतील म्हणाले. तिच्या बॅगेत सात किलो जागा आहे. न्यायमंदिराच्या आसपास राहणाऱ्यांनी धुतलेले टॉवेल माझ्याकडे आणून द्यावेत. लोकरीचं नको, फुकेतला थंडी नसते.