मदत हवी आहे: पावसाळ्यात कोंबडीखाद्य कसं साठवता?

मंडळी, चिपळूणजवळ घरामागे 40 गावरान कोंबड्या आहेत. दिवसाला साडेचार किलो खाद्य लागतं, म्हणजे 50 किलोचं पोतं अकरा दिवसांत संपतं. स्वस्त पडतं म्हणून मे महिन्यात एकदम सहा पोती घेतली, आणि जुलैत शेवटच्या दोन पोत्यांत गुठळ्या नि बुरशी! टाकूनच दिली, बुरशीचं विष (अफ्लाटॉक्सिन) उन्हात वाळवून जात नाही. (उंदरांचा वाटा वेगळाच.)

आता मका भरडून, सोयाबीन पेंड, मिनरल मिक्श्चर आणि शिंपल्यांचा चुरा घालून घरीच खाद्य बनवावं म्हणतोय. भरडाई धरून पोत्यामागे खरंच काही वाचतं का? आणि साठवायला झाकणाचा प्लास्टिक ड्रम बरा की पत्र्याची कोठी? पत्र्याला आतून घाम येतो, असं शेजारचे काका म्हणतात. कोकणातल्यांनी जरूर सांगा.