मे महिन्यात पॉइंटरचं नाक बंद पडतं का?

मुलुंडचा_शेरू:
माझ्याकडे दोन वर्षांचा जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर आहे. मामेभाऊ अमेरिकेत साउथ डकोटात असतो, तो असाच कुत्रा घेऊन फेझंट नावाच्या रानपक्ष्याच्या शिकारीला जातो, त्याच्या व्हिडिओत कुत्रा बर्फातही पळतोय. मला शिकार नाही करायची, पण पक्ष्याचा वास आला की पाय उचलून पुतळ्यासारखा थांबतो ना, ते त्याच्या रक्तातच आहे, ते जपायचंय, म्हणून मैदानात गवतात कबुतराचं पीस लपवतो. डिसेंबरात लगेच शोधायचा, आता पिसाच्या शेजारून जातो तरी पत्ता नाही. डॉक्टरकडे नेऊ का?

तीन_कुत्र्यांची_आई:
दादा किती वाजता नेता? कुत्र्याला घाम फक्त पंज्यांना येतो, बाकी सगळं अंग धापा टाकूनच गार करायचं असतं, आणि तोंडाने धापा टाकताना त्याला नीट हुंगता येत नाही. त्यात आपल्याकडची दमट हवा, धापा टाकूनही जिभेवरचं पाणी पटकन उडत नाही.

मुलुंडचा_शेरू:
साडेआठला. ऑफिसमुळे उशीर होतो.

तीन_कुत्र्यांची_आई:
मग नाक नाही, वेळ चुकतेय. साडेपाचला न्या, गवतात दव किंवा ओल असते तेव्हा वासही टिकतो, वाऱ्याच्या उलट दिशेने सोडा आणि दहा मिनिटांनी सावलीत बसवून पाणी द्या. हे कुत्रे दमले तरी स्वतःहून थांबत नाहीत, थांबवायचं आपणच. कुत्र्याचं तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ सेल्सिअस असतं, ४१ च्या वर गेलं तर जिवावर बेततं. माझ्या आधीच्या लॅब्रेडॉरच्या वेळी मी 'जरा बसू दे, होईल बरा' म्हणून अर्धा तास घालवला, तो वाचला पण ते अजून विसरले नाहीये. जीभ रुंद होऊन लटकली, चाल अडखळली की लगेच नळाचं पाणी सगळ्या अंगावर ओता, वारा घाला, आणि मग रिक्षा पकडून डॉक्टरकडे. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, आत उष्णता कोंडते.

डोंगरवाट:
थंडीचं पण सांगतो, कारण भाऊचा व्हिडिओ बघून लोक कुत्र्याला मनालीला नेतात. या जातीची केसं आखूड, बर्फात पळतोय तोवर ठीक, ओला होऊन उभा राहिला की कुडकुडतो. बोटांमध्ये बर्फाचे गोळे अडकतात ते काढावे लागतात, जॅकेट लागतं, खाणं वाढवावं लागतं, आणि तहान कमी दिसली तरी पाणी द्यायचंच. फक्त पळवायच्या आधी भरपेट जेवण नको, खोल छातीच्या कुत्र्याचं पोट फुगून पीळ पडू शकतो.
अजून एक, कृपया मनावर घ्या. गावाकडे माळावर तित्तिर, लावे दिसले तर मोकळा सोडू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शिकार म्हणजे नुसतं मारणं नाही, पाठलाग करून हुसकावणंही त्यात येतं, आणि त्यांची घरटी जमिनीवरच असतात.

मुलुंडचा_शेरू:
ताई, आज पावणेसहाला गेलो. पीस झुडपाखाली होतं, दहा-बारा पावलांवरून मान वळवली आणि पाय उचलून थांबला. गावाला लांब दोरी लावूनच नेईन.