राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळावर सदस्य कसे नेमतात? एका नावासाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी गडचिरोली जिल्ह्यात, वडसा भागातल्या एका शाळेत शिकवते. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळावर एखाद्याचं नाव सुचवायचं असेल तर कुणाकडे जायचं? अर्ज असतो का, की कुणाच्या तरी पत्राशिवाय काही हलत नाही?

नाव आमच्या गावच्या निवृत्त गुरुजींचं आहे. दंडार, खडी गंमत या लोकनाट्यांतली गाणी आणि झाडीबोलीतले, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या बोलीतले, शब्द ते अजून उतरवून घेतात. लोखंडी पेटीत वह्या रचून ठेवल्या आहेत. प्रत्येक शब्दासमोर गावाचं नाव आणि सांगणाऱ्याचं नाव. कित्येक सांगणारे आता हयात नाहीत.

हे डोक्यात का आलं ते सांगते. मागच्या वर्षी मुलांची एकांकिका एका स्पर्धेला पाठवली होती. संहिता परत आली तेव्हा ‘बांधीत रोवणा सुरू हाये’ या वाक्यातल्या ‘बांधी’भोवती लाल गोल होता आणि समासात ‘बांध?’ असं लिहिलेलं. बांध वेगळा, बांधी वेगळी. बांधी म्हणजे बांधांनी घेरलेला धानाचा तुकडा, ज्यात पाणी साठवून रोवणा म्हणजे धानाची लावणी करतात. ज्यांनी गोल केला त्यांनी धानाचं शेत पाहिलं नसेल, त्यांना दोष देत नाही. पण गुरुजींनी संहिता पाहिली, काही न बोलता पेटी उघडली आणि ‘बांधी’चं पान काढून माझ्यासमोर ठेवलं. पुस्तकांना अनुदान द्यायचं की नाही हे जिथे ठरतं तिथे असा एक माणूस बसलेला हवा, हे तेव्हापासून मनातून जात नाही.

मला सापडलं ते एवढंच: मंडळ १९६० साली स्थापन झालं, पहिले अध्यक्ष तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. आता ते मराठी भाषा विभागाखाली येतं आणि सदस्य शासन निर्णयाने नेमले जातात. शासन निर्णयात नावांची यादी असते, पण ती नावं कुणी सुचवली आणि कशावरून निवडली हे कळत नाही. पद्म पुरस्कारासाठी कुणीही नागरिक ऑनलाइन नाव सुचवू शकतो. आमच्या झाडीपट्टीचे नाट्यकलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा इकडे केवढा आनंद झाला होता! मंडळासाठी तशी सोय मला तरी दिसली नाही. कुणाला अनुभव असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद १

ताई, नेमणूक सरकारच्या हातात असते, निवडणूक नसते. त्यामुळे पत्र थेट मराठी भाषा विभागाच्या मंत्र्यांना आणि सचिवांना द्या, प्रत मंडळाला. आवक क्रमांक घेतल्याशिवाय उठू नका. टपालाने पाठवलंत तर पोचपावती जपून ठेवा. पत्रासोबत वह्यांतल्या आठ-दहा पानांच्या छायाप्रती जोडा. ‘बांधी’चं पान सगळ्यात वर ठेवा, माझं ऐकाच.

साहित्य अकादमीची रीत वेगळी आहे. तिथे जनरल कौन्सिलच्या सदस्यत्वासाठी राज्य सरकारं, विद्यापीठं, साहित्यसंस्था नावं पाठवतात, मुदत पाच वर्षांची, आणि अध्यक्ष हीच कौन्सिल निवडते. २०२३ साली मतदान होऊन माधव कौशिक अध्यक्ष झाले. संगीत नाटक अकादमीचे अध्यक्ष मात्र राष्ट्रपती नेमतात. म्हणजे सरसकट एक नियम नाही, ज्या मंडळाचं काम त्याचीच रीत बघावी लागते.

प्रतिसाद २

माहिती अधिकारात विचारा. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर. महाराष्ट्रात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर हवा, नाहीतर त्याच कारणावरून अडकतो. ‘का नेमलं’ असं विचारू नका, कागद मागा: नस्ती (म्हणजे फाईल), टिपणी, आलेली शिफारसपत्रं.

आणि एक मनापासून सांगतो. जे सरकार नेमतं ते सरकार मोडूही शकतं. १२ डिसेंबर २०२२ च्या शासन निर्णयाने माओवादी असल्याच्या आरोपाखाली तुरुंगवास भोगलेले कोबाड गांधी यांच्या पुस्तकाच्या मराठी अनुवादाला जाहीर झालेला राज्य शासनाचा पुरस्कार रद्द झाला, आणि निवड समितीही बरखास्त झाली. निषेध म्हणून मंडळाच्या काही सदस्यांनी राजीनामे दिले. गुरुजींना हे आधी सांगा आणि मगच त्यांचा होकार घ्या.

धागाकर्ती

दोघांचेही खूप आभार. काल संध्याकाळी गुरुजींकडे गेले, २०२२ चं सगळं सांगितलं. ते म्हणाले, “मले खुर्ची नाही पायजे बाई. वह्या कोनी वाचत असन तं येतो.” होकार समजते.

अर्ज असा लिहिला आहे, काही चुकत असेल तर सांगा: ‘मंडळाच्या सर्वांत अलीकडील पुनर्रचनेच्या नस्तीतील टिपणी पानांच्या, तसेच अशासकीय सदस्यांसाठी प्राप्त झालेल्या शिफारसपत्रांच्या प्रती मिळाव्यात.’ सोमवारी पोस्टात टाकते.