गुलमोहर निम्म्यावर छाटावा का?

प्रश्न :
पुण्यातील आमच्या सोसायटीच्या आवारात, पार्किंगच्या कडेला, सुमारे तीस वर्षांचा गुलमोहर आहे. गेल्या पावसाळ्यात त्याची एक जाड फांदी मोडून पडली. यंदा पावसापूर्वी झाड निम्म्या उंचीवर सरसकट छाटून कापलेल्या जागी ऑइलपेंट लावावा, असे ठेकेदाराचे म्हणणे असून बहुतेक सभासदांना ते पटले आहे. बुंध्याला खेटून पेव्हर ब्लॉक बसवलेले आहेत. झाड वाचावे आणि धोकाही राहू नये, यासाठी काय करावे?

प्रतिसाद १ :
कृपया निम्म्यावर छाटणी करू देऊ नका. जाड फांद्यांच्या उघड्या थोटकांतून पाणी आणि बुरशी आत शिरते आणि त्यांच्या कडेने फुटणारे धुमारे सालीलगतच धरलेले असल्यामुळे तीन-चार वर्षांत वजन वाढले की वाऱ्यात सहज निखळतात. म्हणजे ज्या धोक्याला आपण घाबरत आहात, तोच पुन्हा उभा राहतो. वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढाव्यात आणि लांब फांद्यांचा टोकाकडील भार कमी करावा. एका वेळी एक चतुर्थांशाहून अधिक पालेदार भाग काढू नये.

जाड फांदी तीन कापांत उतरवावी. पहिला काप खोडापासून फूटभर अंतरावर खालच्या बाजूने, दुसरा त्याच्या किंचित पुढे वरून, म्हणजे फांदी पडताना खोडाची साल सोलत नाही. उरलेले थोटूक मग फांदीच्या बुडाशी दिसणाऱ्या फुगीर वळाच्या बाहेरून कापावे. तो वळ शाबूत राहिला तरच नवे लाकूड जखमेवर चढते. ऑइलपेंटची गरज नाही. त्याखाली ओल कोंडते.

प्रतिसाद २ :
फांद्यांइतकेच बुंध्याकडे पाहा. आमच्या वसाहतीतील हिरवागार गुलमोहर एका रात्री मुळांसकट आडवा झाला, तेव्हा त्याची मुळे भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी हातात कुसकरत होती. अन्नपाणी शोषणारी बहुतेक मुळे वरच्या दोन फुटांत असतात, त्यांना हवा लागते. बुंध्याभोवती निदान मीटरभर अंतरापर्यंतचे ब्लॉक हाताने उचला, ब्रेकर वापरू नका. मोकळ्या मातीवर पालापाचोळा पसरा, मात्र तो बुंध्याला टेकवू नका. लाकडी हातोडीने बुंधा सर्व बाजूंनी ठोकून आवाजही ऐका, पोकळ आला तर आत कूज असू शकते.

प्रतिसाद ३ :
१९७५ च्या महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमानुसार झाड तोडण्याच्या व्याख्येत झाडाला इजा पोहोचवणेही येते. त्यामुळे महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची लेखी परवानगी हाती आल्याशिवाय करवत लावू देऊ नये.

प्रश्नकर्ता :
सर्वांचे मनःपूर्वक आभार. आज सकाळी बुंधा ठोकून पाहिला. पार्किंगच्या बाजूला आवाज पोकळ येतो आणि तिथेच, ब्लॉकच्या फटीत, लाकडासारखी टणक, विटकरी रंगाची अळंबी सापडली, म्हणजे बुंधा आतून कुजत असावा. ठेकेदाराचे काम थांबवले आहे, त्या बाजूच्या गाड्या हलवल्या आहेत आणि तपासणीसाठी वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज दिला आहे.